९५वी रायफल्स : नावलौकिक बंदुकीचा की शिकवणीचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नेपोलियनच्या काळातली ब्रिटिशांची ९५वी रायफल रेजिमेंट इतकी नावाजली ती केवळ तिच्या हातातल्या रायफलमुळे का? तिच्याबद्दल ज्या गोष्टी सांगितल्या जातात त्या कितपत खऱ्या? आणि आपली मराठा लाइट इन्फन्ट्री तिच्यातूनच निघाली असं जे ऐकू येतं, त्यात तथ्य आहे का?

माझी उमेदीची वर्षं पायदळातल्या जवानांना नेमबाजी आणि चकमकीचे डावपेच शिकवण्यात गेली, त्यामुळे या पलटणीकडे मी शिकवणाऱ्याच्या नजरेने बघतो. माझं मत आधीच सांगतो. रायफल महत्त्वाची होती, पण तेवढ्याने काही झालं नसतं. त्या पलटणीने साध्या शिपायाला स्वतःच्या डोक्याने लढायची मुभा दिली आणि ती मुभा पेलण्याइतकं त्याला तयार केलं. बाकी सगळं त्यातून आलं.

आधी हत्यार बघू. त्या काळच्या ब्रिटिश शिपायाकडे ‘ब्राउन बेस’ नावाची ठासणीची मस्केट असे. नळी आतून गुळगुळीत आणि गोळी नळीपेक्षा बरीच सैल, त्यामुळे बाहेर पडल्यावर ती कुठे जाईल याचा नेम नाही. ८०-१०० यार्डांपलीकडे एका माणसावर नेम धरणं म्हणजे दारू फुकट घालवणं. म्हणूनच शेकडो माणसं खांद्याला खांदा लावून उभी करायची आणि एकदम बार काढायचे. लंडनच्या व्हाइटचॅपलमधला बंदूककार इझिकेल बेकर याची रायफल १८०० साली वूलिचच्या चाचण्यांतून निवडली गेली. तिच्या ३० इंची नळीत सात पिळदार खाचा होत्या. गोळी तेलकट कातड्याच्या चकतीत गुंडाळून ठासली की ती खाचांत घट्ट बसे आणि गिरकी घेत सुटे. चांगला नेमबाज २०० यार्डांवर माणूस टिपू शकत असे.

याची किंमत वेळेत मोजावी लागे. मस्केटवाला मिनिटाला तीन बार काढी, तर नीट ठासून नेम धरणाऱ्या रायफलवाल्याचे जेमतेम दोन होत. सुरुवातीला गोळी आत ढकलायला लाकडी हातोडीही दिली होती, ती लवकरच बंद झाली. शत्रू अंगावर आला की कातडं बाजूला ठेवून साधं काडतूसच ठासायचं आणि अचूकता सोडून द्यायची. नळी आखूड असल्याने भोसकाभोसकीत हात कमी पडे, म्हणून तिला सुमारे दोन फूट लांबीची तलवारीसारखी संगीन दिली. रायफल पलटणींत संगिनीला आजही ‘सोर्ड’च म्हणतात, कवायतीतसुद्धा. आखूड नळीचा एक फायदा मात्र मोठा होता. आडवं पडून किंवा दगडाआड गुडघा टेकून बंदूक भरता येई. लांब मस्केट भरायची तर उभंच राहावं लागे, आणि उभा माणूस म्हणजे आयतं लक्ष्य.

नेपोलियनने आपल्या सैन्यात रायफलींना फारसा थारा दिला नाही. भरायला वेळ फार लागतो, हीच तक्रार. तरीही त्याचे व्होल्तिजर, म्हणजे प्रत्येक बटालियनमधल्या चपळ शिपायांची कंपनी, साध्या मस्केटवर उत्तम चकमकी करत. उलट ब्रिटिशांच्या ६०व्या रेजिमेंटची पाचवी बटालियन, बरेचसे जर्मन शिपाई असलेली, १७९७ सालीच उभी राहिली होती. रायफल वापरण्यात ती ९५व्या पलटणीपेक्षा जुनी होती आणि स्पेन-पोर्तुगालमध्ये तोडीस तोड लढली. तिचं नाव आज फारसं कुणी घेत नाही. तेव्हा नुसत्या रायफलीवर हे कोडं सुटत नाही.

सुरुवात १८०० साली झाली. कर्नल कूट मॅनिंगहॅम आणि लेफ्टनंट कर्नल विल्यम स्ट्युअर्ट यांनी वेगवेगळ्या रेजिमेंटांमधून माणसं मागवून प्रायोगिक रायफल कोअर उभी केली. गंमत अशी की अशी मागणी आली की कुठलाही कमांडर आपले चांगले शिपाई देत नाही, नको असलेलेच पाठवतो. सैन्यात काम केलेल्या कुणालाही हे सांगायला नको. मॅनिंगहॅमने त्यातले बरेच परत पाठवले. त्याच वर्षीच्या २५ ऑगस्टला स्पेनच्या फेरोल बंदराजवळ या दलाने पहिली लढाई पाहिली आणि १८०१च्या एप्रिलमध्ये स्ट्युअर्टबरोबर काही रायफलवाले नेल्सनच्या आरमारातून कोपनहेगनला गेले. ‘९५’ हा क्रमांक त्यानंतर मिळाला.

ब्लॅचिंग्टनच्या बराकींत या दलासाठी जी नियमावली तयार झाली, ती मला लढायांहून अधिक महत्त्वाची वाटते. तिच्यातला एक नियम असा : प्रत्येक शिपायाने आपला एक जोडीदार निवडायचा, एक पुढच्या रांगेतला आणि एक मागच्या. कॅप्टनच्या परवानगीशिवाय जोडीदार बदलायचा नाही. बराकीत दोघांची झोपायची जागा एकत्र, कवायतीत एकत्र, पहाऱ्यावरही एकत्र. चकमकीत एकाने बार काढला की तो बंदूक भरेपर्यंत दुसऱ्याने गोळी राखून ठेवायची, म्हणजे जोडीतली एक बंदूक कायम भरलेली राहते. आपल्या पायदळात आज ज्याला ‘बडी’ म्हणतात, ती ही जोडी. रेंजवर नवीन पोरं एकाच वेळी दोघंही मॅगझिन रिकामं करून बसतात, तेव्हा त्यांना हाच नियम समजावावा लागतो.

त्याच नियमावलीत नेमबाजीच्या श्रेणी होत्या. निरनिराळ्या अंतरांवरच्या निशाणांवर सराव व्हायचा, त्याची नोंद ठेवली जायची आणि उत्तम नेमबाजाला टोपीवर हिरवा फुंदा लावायला मिळायचा. बाकी सैन्यात वर्षाकाठी मोजकीच काडतुसं सरावाला मिळत असताना हे चाललं होतं. पलटणीची शाळा होती, चांगल्या वागणुकीबद्दल आणि पराक्रमाबद्दल पदकं होती. कंपनी ज्या अधिकाऱ्याबरोबर लढणार, त्यानेच तिला शिकवायचं हाही दंडक होता. पोशाख गडद हिरवा, पट्टे काळे, ढोलाऐवजी बिगुल. पलटणीचं निशाण, म्हणजे झेंडा, नाही, कारण विखरून लढणाऱ्यांनी निशाणाभोवती गोळा व्हायचं तरी कशाला?

१८०३ साली केंटच्या किनाऱ्यावर शॉर्नक्लिफच्या छावणीत सर जॉन मूरच्या हाताखाली ९५वी, ४३वी आणि ५२वी अशा तीन रेजिमेंटा एकत्र आल्या. समोर खाडीपलीकडे बुलोन्यला नेपोलियन इंग्लंडवर उतरायची तयारी करत होता. (त्याच वर्षी सप्टेंबरात आपल्याकडे आर्थर वेलस्ली असईला शिंदे-भोसल्यांच्या तोफांपुढे आपली माणसं गमावत होता. हाच पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि या रायफलवाल्यांचा सेनापतीही.) मूरचा आग्रह असा की अधिकाऱ्याला शिपायाइतकी कवायत स्वतः यायला हवी आणि शिपायाला हुकमामागचं कारण कळायला हवं. ५२वीच्या घडणीत केनेथ मॅकेन्झीचा वाटा मूरइतकाच होता, पण नाव मूरचं झालं. ४३वी आणि ५२वी ‘लाइट इन्फन्ट्री’ होत्या, म्हणजे मस्केटवाल्या. चकमकही करायची आणि वेळ पडली तर रांग धरून बारही काढायचे. पुढे या तिन्ही रेजिमेंटांच्या लाइट डिव्हिजनचं जे नाव झालं त्यात या दोघींचा हिस्सा रायफल्सच्या बरोबरीचा आहे, ही गोष्ट हिरव्या कोटाच्या मोहात लोक विसरतात.

सगळंच चांगलं घडत गेलं असं नाही. १८०७च्या जुलैत ब्युनोस आयर्सच्या गल्लीबोळांत शिरलेल्या रायफलवाल्यांना ब्रिगेडियर रॉबर्ट क्रॉफर्डसकट शरण जावं लागलं. छतांवरून गोळ्यांचा वर्षाव होत असताना दूरवर नेम धरण्याची कला काय कामाची?

१५ ऑगस्ट १८०८ला पोर्तुगालच्या ओबिदुशजवळ या पलटणीने द्वीपकल्पातल्या, म्हणजे स्पेन-पोर्तुगालमधल्या, युद्धातली आपली पहिली चकमक दिली. फ्रेंच मागे हटले म्हणून उत्साहाच्या भरात रायफलवाले फार पुढे धावले आणि अडचणीत आले. लेफ्टनंट राल्फ बन्बरी पडला, द्वीपकल्पातल्या युद्धात मेलेला पहिला ब्रिटिश अधिकारी. मोकळीक दिलेल्या शिपायाची हीच खोड, शत्रू पळू लागला की तो थांबत नाही. पुढच्या हिवाळ्यात मूरच्या सैन्याची कोरुन्याकडची माघार झाली, बर्फातून, फाटक्या बुटांनी, उपाशीपोटी. पहिली बटालियन पिछाडी सांभाळत होती. दुसरी क्रॉफर्डबरोबर व्हिगोच्या वाटेला लागली. त्या वाटेवर क्रॉफर्डने मागे रेंगाळणाऱ्यांना फटके मारवले. आश्चर्य म्हणजे त्याच वाटेने चाललेला रायफलमन बेंजामिन हॅरिस, पेशाने चांभार, म्हातारपणी आठवणी सांगताना म्हणाला की त्या कडकपणामुळेच आम्ही वाचलो.

क्रॉफर्ड हा विलक्षण माणूस. बुटका, तापट, शिपायांनी मनापासून शिव्या घातलेला. वाटेत डबकं आलं तरी रांग मोडून बाजूने जायचं नाही, हा त्याचा हुकूम. ऐकायला हा जाच वाटतो. पण एकेक माणूस डबकं चुकवू लागला की हजारोंच्या रांगेची शेपटी अर्धा-पाऊण तास मागे पडते, हे ज्याने लांबची कूच केली आहे त्याला ठाऊक असतं. त्याच्या अगदी उलट ९५वीचा सिडनी बेकविथ. तो फटक्यांच्या शिक्षेला होता होईतो हात घालत नसे, माणसांशी मायेने वागे आणि गोळ्यांच्या पावसात शांतपणे बोलत राही. ही पलटण या दोन वृत्तींच्या ओढाताणीत घडली. मला विचाराल तर रोजच्या व्यवहारात बेकविथ हवा आणि कूच करताना क्रॉफर्ड.

पलटणीची खरी परीक्षा मला दिसते ती १८१०च्या मार्चमध्ये, बार्बा देल पुएर्को नावाच्या एका खेड्याजवळ. क्रॉफर्ड तेव्हा आगेदा नदीच्या काठाने चौक्या लावून बसला होता आणि मागे वेलिंग्टनचं सैन्य आपली तयारी करत होतं. खेड्याच्या खाली खोल दरी, दरीत अरुंद पूल, पलीकडे फ्रेंच. बेकविथच्या हाताखाली चार कंपन्या होत्या, त्यातली पीटर ओ’हेअरची कंपनी त्या रात्री पहाऱ्यावर. १९ तारखेच्या रात्री फेरे नावाच्या फ्रेंच जनरलचे सुमारे ६०० निवडक शिपाई पुलावरून दबक्या पावलांनी आले. नदीला पाणी भरपूर होतं आणि त्याच्या आवाजात त्यांची चाहूल लागली नाही. पुलावरचे पहारेकरी आवाज करायच्या आतच आटोपले.

वर खडकांत ओ’हेअरचे चाळीस-पन्नास जण होते. एवढ्या अंधारात, एवढ्या माणसांवर, रांग लावून हुकूम देणं शक्यच नव्हतं. प्रत्येक जोडी आपापल्या दगडाआड राहिली आणि लढत लढत इंचाइंचाने वर सरकली. ढगांतून चंद्र डोकावला की फ्रेंचांच्या छातीवरचे फिकट पट्टे चमकत. रायफलवाल्यांचे हिरवे कोट आणि काळे पट्टे मात्र खडकात विरून जात. हातभर अंतरावरून बार निघत होते, म्हणजे रायफलीच्या पल्ल्याचा काडीचा उपयोग नव्हता. लेफ्टनंट मर्सर चष्मा डोळ्यांवर चढवत असतानाच त्याला गोळी लागून तो जागीच ठार झाला. सुमारे अर्धा तास त्या मूठभरांनी चढण धरून ठेवली, तेवढ्यात बेकविथ उरलेल्या तीन कंपन्या घेऊन धावत आला आणि फ्रेंचांना संगिनीवर घेत पुन्हा दरीत लोटलं. चौकीवरच्या शिपायांना उजाडेपर्यंत तग धरावा लागला नाही, त्यांनी तो मदत येईपर्यंत धरला, आणि पहाऱ्याचं काम तेवढंच असतं. त्या लढ्यात रायफलीऐवजी साध्या मस्केटा असत्या तरी निकाल तोच लागला असता असं मला वाटतं. जोडीने लढायची सवय नसती तर मात्र नाही.

चार महिन्यांनी, २४ जुलैला, कोआ नदीवर क्रॉफर्डने मोठी चूक केली. मागे खोल नदी, तिच्यावर एकच अरुंद दगडी पूल आणि समोर फ्रेंच मार्शल ‘ने’ याचं वीस हजारांवर सैन्य. आपले जेमतेम पाच हजार. वेळीच नदी ओलांडायची सोडून तो थांबला. सकाळी धुकं फाटताच घोडदळ अंगावर आलं. ओ’हेअरच्या कंपनीतले बरेच जण त्यात सापडून कैद झाले. नंतर सगळी डिव्हिजन दगडी बांधांनी तुकडे पडलेल्या उतारावरून पुलाकडे धावली. वरचा हुकूम पोचेना तेव्हा कॅप्टन, सार्जंट आपापल्या अकलेने वागले. एकेका बांधाआड थांबायचं, गोळ्या झाडायच्या, मागे सरकायचं. ५२वी अजून पलीकडेच राहिली आहे हे लक्षात आल्यावर ४३वीचे लोक आणि रायफलवाले उलटे फिरून टेकाड पुन्हा जिंकायला गेले. पूल पार झाल्यावर मात्र मार्शल ‘ने’ याने त्याच पुलावरून आपली माणसं पुन्हापुन्हा घातली आणि ती तिथेच पडली. सेनापतीच्या चुकीतून शिपायांनी सेनापतीला वाचवल्याची उदाहरणं इतिहासात आहेत. त्यात हे पहिल्या रांगेत बसेल.

बुसाको, साबुगालच्या धुक्यातली बेकविथची लढाई, फुएन्तेस दे ओन्योरोच्या माळावरून घोडदळाच्या गराड्यात शिस्तीने घेतलेली माघार, या सगळ्याचं वर्णन कुठेही मिळेल. वेढ्यांबद्दल मात्र थोडं लिहायला हवं. १९ जानेवारी १८१२ला सिउदाद रोद्रिगो घेताना क्रॉफर्डला जबर गोळी लागली आणि पाच दिवसांनी तो गेला. किल्ला पडल्यावर आत काही रायफलमन सापडले, पलटण सोडून पळालेले आणि फ्रेंचांच्या बाजूने लढलेले. त्यांतल्या काहींना त्यांच्याच सैन्याने गोळ्या घातल्या. ६ एप्रिलच्या रात्री बादाखोसच्या भगदाडांवर लाइट डिव्हिजन डोकं आपटत राहिली. ओ’हेअर तिथे पडला. त्या वेढ्यात मित्रसैन्याची मेलेली-जखमी माणसं ५ हजारांच्या घरात गेली. शहर पडल्यावर विजयी सैन्याने तिथल्या स्पॅनिश नागरिकांवर जे अत्याचार केले त्यांत रायफलवालेही होते. निवडक म्हणवणारी ही पलटण त्या दिवसांत बाकीच्यांहून वेगळी वागली नाही.

त्या गोंधळातून दोन बहिणी आसरा मागत ब्रिटिश छावणीत आल्या. धाकटी हुआना, वय १४. ९५वीच्या हॅरी स्मिथने काही दिवसांत तिच्याशी लग्न केलं आणि उरलेलं सगळं युद्ध तिने घोड्यावरून त्याच्याबरोबर काढलं.

१८१३च्या ऑगस्टअखेर व्हेरा गावच्या पुलावर कॅप्टन डॅनियल कादूने एक-दोन कंपन्यांनिशी माघार घेणाऱ्या फ्रेंच सैन्याची वाट रोखली होती. भर पावसात बिदासोआ नदीला पूर, म्हणून फ्रेंचांना तो पूल हवाच होता. वरून मदत मागवली, स्केरेट या जनरलने पाठवली नाही, उलट मागे यायचा निरोप दिला. कादू त्या पुलावरच मेला. पलटणीच्या जुन्या माणसांनी हे स्केरेटला कधी माफ केलं नाही.

वॉटर्लूला पहिली बटालियन ला-ए-सँतच्या वाड्यासमोरच्या वाळूच्या खाणीत होती. इथे दंतकथेला एक भोक आहे. कमांडर अँड्र्यू बार्नार्डने नंतर खासगी पत्रात खेदाने लिहिलं की चिलखती घोडदळ दिसल्यावर बरेच जण कारणाशिवाय मागे गेले आणि लढाईनंतर सुमारे शंभर माणसं गैरहजर होती. सहा वर्षं लढून थकलेले जुने शिपाई आता आणखी किती वेळा नशीब आजमावणार, असा विचार त्यांच्या मनात आला असेल तर मला नवल वाटत नाही.

याच पलटणीतल्या टॉम प्लंकेटची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. ३ जानेवारी १८०९ला काकाबेलोसच्या पुलापाशी त्याने बर्फात पाठीवर पडून, पट्टा पायात अडकवून फ्रेंच जनरल कोल्बेरला टिपलं. कोल्बेर त्या दिवशी तिथे मेला हे पक्कं. अंतर मात्र सांगणाऱ्यागणिक वाढत जातं, २०० यार्डांपासून थेट ६००पर्यंत. ही हकीकत लोकप्रिय करणारा एडवर्ड कॉस्टेलो त्या दिवशी तिथे नव्हता, तो त्याच वर्षी नंतर पलटणीबरोबर पोर्तुगालला गेला. बेकर रायफलीने ६०० यार्डांवर ठरवून माणूस मारणं मी तरी मानणार नाही. दोन-तीनशे असेल तर तोही मोठाच नेम. तालाव्हेराच्या लढाईआधीची २६ तासांत ६२ मैलांची कूच हीही अशीच फुगलेली. अभ्यासकांच्या मते अंतर ४०-४५ मैलांच्या आसपास होतं, जे जुलैच्या उन्हात पाठीवर तीसेक किलो ओझं घेऊन चाललेल्या माणसाला पुरेसं आहे.

अशा गोष्टी ९५वीच्याच का उरल्या? कारण तिच्या माणसांनी लिहिलं. किनकेड, सिमन्स, लीच, स्मिथ हे अधिकारी आणि कॉस्टेलो, हॅरिस हे साधे शिपाई, एवढ्या जणांच्या आठवणी एका रेजिमेंटच्या छापल्या गेल्या. ६०व्या रेजिमेंटच्या जर्मन रायफलवाल्यांच्या वाट्याला हे भाग्य आलं नाही. १८१६ साली ९५वीला क्रमवारीतून काढून ‘रायफल ब्रिगेड’ हे वेगळं नाव दिलं गेलं, तेव्हा तिची कीर्ती स्थिरावली होती. पुढच्या काळातल्या कादंबऱ्या आणि टीव्ही मालिकांनी तिच्यावर कळस चढवला.

आता मराठा लाइट इन्फन्ट्री. तिची सर्वात जुनी बटालियन, जंगी पलटण, १७६८ची, म्हणजे मॅनिंगहॅमच्या प्रयोगाआधी ३२ वर्षं. तेव्हा ९५वीतून ती निघाली हे शक्यच नाही. ‘लाइट इन्फन्ट्री’ हा किताब मुंबई इलाख्याच्या पलटणींना नंतर मिळाला. बलुचिस्तानातल्या काहूनची गढी १८४० साली लढवल्याबद्दल ५व्या बॉम्बे नेटिव्ह इन्फन्ट्रीला तो १८४१ला दिला गेला आणि तीच पुढे १०५वी मराठा लाइट इन्फन्ट्री झाली. त्याच १८४१ साली ४थ्या बॉम्बे पलटणीची रायफल पलटण झाली. ती वेलस्लीज रायफल्स म्हणून राजपुताना रायफल्समध्ये आली. हिरवा रंग, बिगुल, जलद पावलांची कवायत हे सगळं शॉर्नक्लिफच्या परंपरेतून इकडे आलं, पण माणसं आणि वंश इथलाच. लाइट इन्फन्ट्री आणि रायफल्स या दोन वेगळ्या परंपरा आहेत हे लक्षात ठेवलं तर बेळगावची पलटण ४३वी-५२वीच्या वाटेवरची ठरते, ९५वीच्या नव्हे.

९५वीच्या माणसाची मराठ्यांशी थेट गाठ पडली ती वेगळ्याच तऱ्हेने. २९ डिसेंबर १८४३ला महाराजपूरला ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या फौजेशी इंग्रजांची लढाई झाली, तेव्हा सर ह्यू गफच्या सैन्याबरोबर हॅरी स्मिथ होता. हत्तीवर बसून तोफांच्या पल्ल्यात आलेल्या बायकांत हुआनाही होती. शिंद्यांचे गोलंदाज तोफांजवळून हटले नाहीत, तिथेच कापले गेले, हे इंग्रजांनीच लिहून ठेवलं आहे. दक्षिण आफ्रिकेतलं लेडीस्मिथ हे गाव याच हुआनाच्या नावाने वसलं.